काझातील पंचनामा

आषाढी एकादशीच्या दिवशी, स्पिती खोऱ्यातील काझा गावी, आमच्या सहलीतील ज्यांचा उपवास होता ते जवळजवळ सगळे संध्याकाळपर्यंत आजारी पडले आणि ज्यांचा उपवास नव्हता ते जवळजवळ सगळे ठणठणीत राहिले.

मी चहासाठी खाली येत होते. जिन्यात एक गृहस्थ भिंतीला डोके टेकवून बसले होते आणि त्यांची पत्नी त्यांच्यापुढे बादली धरून उभी होती. बादली धरणाऱ्या हातालाही कंप होता. वरच्या मजल्यावरील खोल्यांची दारे उघडी होती व आतून कण्हण्याचे आवाज येत होते. आमचा सहल व्यवस्थापक मंदार खळदकर गोळ्यांची पट्टी घेऊन या दारातून त्या दारात धावत होता.

"विरळ हवा, मॅडम," मी विचारण्याआधीच तो म्हणाला. "बारा हजार फुटांवर असं होतंच. त्यात उपाशी पोट."

"उपाशी कोण होतं? दुपारी उपवासवाल्यांच्या टेबलावर वाढप्याला दम खायला फुरसत नव्हती."

"तसं नाही, पण अन्न पोटात नाही म्हणजे..."

"विरळ हवा सगळ्यांच्याच नाकात जाते, मंदार. तिथी बघून आत शिरत नाही."

"तुम्ही शास्त्रवाल्या," तो कसनुसा हसला आणि पुढच्या दारात शिरला.

शास्त्रवाली म्हणजे इतकेच, की माझी सारी नोकरी महापालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत झाली. एखाद्या पेठेत जुलाबाची साथ आली की कोण आजारी आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याच गल्लीत कोण आजारी नाही हेही महत्त्वाचे, एवढे त्या नोकरीने मला शिकवले होते.

गावातील तरुण डॉक्टर आले. त्यांनी प्रत्येकाच्या बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजला, डोळे पाहिले, हात पुढे धरायला लावले. सर्व आजाऱ्यांची बोटे थरथरत होती. "ही हवेची लक्षणं नाहीत," ते हिंदीत म्हणाले. "प्राणवायू ठीक आहे. काहीतरी खाण्यात आलं आहे. जिवाला धोका नाही, पण यांना इतक्यात पुढची खिंड ओलांडू देऊ नका."

मंदारने माझ्याकडे पाहणे टाळले. सहल तिथेच संपली, हे त्या वाक्याने ठरले. पुढचे चंद्रताल, मनाली, सगळे पुसले गेले. आता प्रश्न एवढाच उरला, की त्या न झालेल्या सहलीचे पैसे कोणाचे.

आमच्या खोलीत मात्र दोघीही धडधाकट होतो. एकट्या बाईने नाव नोंदवले की कंपनी तिला दुसऱ्या एकट्या बाईच्या खोलीत घालते. मला मिळालेली दुसरी बाई म्हणजे विट्याच्या ताराबाई शेडगे. कपाळावर ठसठशीत कुंकू, पायांत मुलाचे बूट, आणि सामानात कपड्यांपेक्षा लाडूच अधिक. त्यांचा बायकांचा बचत गट शेंगदाणा-गुळाचे लाडू करी. गटाची सगळी विक्री आजूबाजूच्या गावांत होई, आणि आता त्यांना पुण्यातल्या दुकानांत शिरायचे होते. "सहलीला सारी पुण्याचीच मानसं," त्यांनी पहिल्याच रात्री मला सांगितले होते, "फुकट खातील, मग इकत मागतील." एकादशीच्या सकाळी त्यांनी बसमध्ये सर्वांना लाडू वाटले. पाकिटावर गटाचे नाव आणि फोन नंबर छापलेला होता.

"तुमचा उपवास होता ना?" मी त्यांना त्या संध्याकाळी विचारले.

"व्हता की. कडक."

"मग तुम्ही कशा बऱ्या?"

"म्या त्यांचं काय खाल्लंच न्हाई. सकाळच्या पारी बघितलं न्हवं, त्या तव्यावर आम्लेट टाकत व्हतं ते पोरगं. त्याच तव्यावर दुपारी उपवासाचं घावन! आपलं लाडू खाल्लं, दोन केळी खाल्ली, आन् पडले."

माझा उपवास नव्हता. मी वरण, भात, बटाट्याची भाजी, उपवासवाल्यांच्या टेबलावरची दाण्याची आमटी आणि ताराबाईंचे तीन लाडू खाल्ले होते.

सकाळपर्यंत आजाऱ्यांची ओकारी थांबली. चेहरे पांढरे पडले होते, पण सगळे उठून बसू शकत होते. मंदारने न्याहारीच्या वेळी सर्वांना भोजनगृहात जमवले. रात्री त्याचे मालकांशी, अनंतरावांशी, बराच वेळ फोनवर बोलणे झाले होते. त्याच्या हातात एक कागद होता आणि आवाजात काल नसलेला ठामपणा होता.

"झालं ते वाईट झालं," तो म्हणाला. "कंपनी तुम्हाला सुखरूप चंदीगडला पोहोचवेल. राहता राहिला उरलेल्या दिवसांचा प्रश्न. बुकिंगच्या अटींमध्ये स्पष्ट आहे, प्रवाशांनी बाहेरून आणलेल्या पदार्थांमुळे आजार उद्भवला तर परतावा मिळत नाही. तरीसुद्धा अनंतरावांनी मोठ्या मनाने पुढच्या सहलीत सवलत देऊ केली आहे. फक्त या निवेदनावर सगळ्यांनी सह्या करायच्या."

"बाहेरचे पदार्थ कुठले?" कोणीतरी विचारले.

मंदारने कागद वाचला. त्यात 'एका सहप्रवासी महिलेने बसमध्ये वाटलेले शेंगदाण्याचे लाडू' असे शब्द होते. सगळ्या माना एकदमच ताराबाईंकडे वळल्या.

"आणि गंमत बघा," मागच्या टेबलावरून गुजर साहेब गरजले. ते निवृत्त फौजदार. आवाज अजून नोकरीत होता. काल आजारी पडलेल्यांत ते अग्रभागी होते आणि ते त्यांनी लपवलेही नव्हते. "सगळ्यांना लोळवलं आणि ह्या बाई स्वतः टुणटुणीत! मी आयुष्यभर चोर पकडले आहेत. जागेवर असूनही ज्याला खरचटत नाही, त्याच्याकडे पहिलं बघायचं."

"म्या काय इख घातलं व्हय रं?" ताराबाई उभ्या राहिल्या. "माझ्या गटात बारा बाया हायती. त्यांच्या चुली ह्या लाडवांवर चालत्यात. ह्या कागदावर समद्यांनी सही केली आन् पुण्यात हे पसरलं, तर आमचा लाडू कोन घील? मेलं तरी कोन घेनार न्हाई."

"काकू, तुमचं नाव कुठेच घातलेलं नाही," मंदार समजुतीने म्हणाला.

"नाव न्हाई, पर बाई येकच हाय की लाडू वाटणारी!"

लोक कुजबुजू लागले. एका बाईंनी पेन मागितले. त्यांची चूक नव्हती. घरी जायचे होते, अंगात त्राण नव्हते, आणि सवलत म्हणजे निदान काहीतरी होते. कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यावर चार सह्या झाल्या होत्या. मी तो पुढे न सरकवता पालथा ठेवला.

"मॅडम, तुमची सही," मंदार म्हणाला.

"नाही."

"तुम्ही तर आजारीही नाही. तुमचा काय प्रश्न आहे?"

"तोच प्रश्न आहे. मी तीन लाडू खाल्ले. मी का आजारी नाही?"

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी."

"मान्य. एक उदाहरण म्हणजे पुरावा नाही. म्हणून आणखी विचारते. हात वर करा, ज्यांनी लाडू खाल्ले आणि ज्यांना काहीही झालं नाही."

उपवास नसलेल्यांच्या टेबलावरून हात वर आले. मंदारने चुळबुळ केली.

"आता उलट. असं कोणी आहे का, ज्याने लाडू तोंडातही घातला नाही, पण आजारी पडलं?"

एकही हात वर आला नाही. आजारी पडलेले बहुतेक उपवासाचे होते आणि उपवासवाल्यांनी लाडू आनंदाने खाल्ले होते. इथेच अडचण होती: लाडू आणि उपवासाचे जेवण या दोन्ही गोष्टी त्याच त्या माणसांनी खाल्ल्या होत्या आणि त्या दोन्हींना वेगळे करणारा एकही माणूस आजाऱ्यांमध्ये मला मिळत नव्हता. मंदारचा चेहरा उजळू लागला.

"बघा," तो म्हणाला.

मी गुजर साहेबांकडे वळले, माझे प्रश्न न ऐकता ते शेजाऱ्याशी सर्वांत मोठ्याने बोलत होते एवढ्याच कारणाने. "साहेब, तुमचा उपवास होता?"

"छे. मी असलं काही करत नाही. फौजदारकीत उपवास घडायचे, करायला लागायचे नाहीत."

"तुम्ही लाडू किती खाल्लेत?"

"लाडू?" ते फिस्कारले. "मला मधुमेह आहे, मॅडम. गुळाला मी वीस वर्षं शिवलेलो नाही. पाकीट जसंच्या तसं बॅगेत आहे."

आता सगळ्या माना गुजर साहेबांकडे वळल्या. त्या का वळल्या, हे समजायला त्यांना एक क्षण लागला. मग त्यांचा मिशीकडे निघालेला हात मध्येच थांबला.

"मग तुम्ही आजारी कशाने पडलात?" मी विचारले.

"अरे," ते हळूच म्हणाले. "अरेच्चा."

"दुपारी आपल्या जेवणाखेरीज आणखी काय घेतलंत?"

"विशेष काही नाही. ते उपवासाचं घावन जरा... चवीपुरतं."

"चवीपुरतं म्हणजे किती?"

"चार," त्यांची पत्नी म्हणाली.

इतक्या आजारी माणसांना एकदम हसू फुटलेले मी पुन्हा पाहिले नाही. एक काका हसता हसता पोट धरून "हसवू नका हो, दुखतंय" म्हणत होते.

"घावनाबरोबर दाण्याची आमटीही होती," मंदार घाईने म्हणाला. "दाणे खवट असतील. दाणे बाजारातले."

"आमटी मी भातावर घेतली होती. दोन वाट्या. उपवासाच्या टेबलावरचं मी खाल्लं नाही ते फक्त घावन. ताराबाईंचा उपवास होता आणि त्या ठणठणीत आहेत. त्यांनीही घावन खाल्लं नाही. गुजर साहेबांचा उपवास नव्हता, त्यांनी लाडू खाल्ला नाही, घावन खाल्लं, आणि ते आजारी आहेत. घावन कशाचं होतं?"

दाराशी उभ्या असलेल्या कंपनीच्या महादू आचाऱ्याने मंदारकडे पाहिले आणि मग सांगितले, "भगरीच्या पिठाचं."

"पीठ उरलं आहे?"

"फेकून दिलं," मंदार म्हणाला.

"न्हाई फेकलं," ताराबाई म्हणाल्या. "सकाळी पानी आनाय गेल्ते तवा बघितलं की म्या. फळीवर पिशवी हाय."

"किचनमधलं सामान कंपनीच्या मालकीचं आहे. कोणीही आत जायचं नाही!"

ताराबाई तोवर निम्म्या वाटेत होत्या. मंदार त्यांच्यापुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला. त्या त्याच्या बगलेखालून गेल्या. आतून भांडे पडल्याचा आवाज आला आणि त्या अर्धी भरलेली प्लास्टिकची पिशवी पोटाशी धरून बाहेर आल्या.

"चोरी आहे ही, काकू!"

"आमच्या पैशानं भरलेलं हाय. हे चोरलं असंल तर घाल मला तुरुंगात. हा बघ फौजदार बी हितंच बसलाय."

सगळ्यांनी गुजर साहेबांकडे पाहिले. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी या बाईला गुन्हेगार ठरवले होते. ते उठले, टेबलाचा आधार घेत पुढे आले, पिशवीकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू ओळखीच्या कामाला लागला.

"मॅडम, हे असं नेऊ नका," ते मला म्हणाले. "पुण्यात गेल्यावर हा खळदकर म्हणेल की बाईंनी मध्ये काहीतरी मिसळलं. आधी पंचनामा."

"कायद्याने याला किती किंमत?"

"कायद्याचं नंतर बघू. पण ज्या चीजवस्तूवर पाच माणसांच्या देखत लाखेची मोहोर लागली, तिच्याबद्दल खोटं बोलताना माणूस अडखळतो. हे मी पाहिलेलं आहे. लाख नाही, मेणबत्ती आणा."

हॉटेलच्या मालकाने मेणबत्ती दिली. ताराबाईंनी आपल्या ओढणीच्या टोकाचे कापड फाडून दिले. पिशवी कापडात बांधली गेली, गाठीवर मेण ओघळले, आणि गुजर साहेबांनी आपल्या अंगठीचा ठसा त्यात उमटवला. मग त्यांनी खड्या आवाजात मजकूर सांगितला आणि मी मंदारच्याच निवेदनाच्या पाठकोऱ्या बाजूवर तो लिहिला. पंच म्हणून सही करायला सगळ्यांत आधी पुढे आल्या त्या पेन मागणाऱ्याच बाई.

"खळदकर, तुमचीही सही," गुजर साहेब म्हणाले.

"मी कशाला करू? माझी नोकरी जाईल."

"न करता तुम्ही हजर होतात एवढं आम्ही लिहूच. केलीत तर 'सहकार्य केले' असं लिहू. तुम्ही ठरवा."

मंदारने पेन घेतले, ठेवले, पुन्हा घेतले. अखेर त्याने सही केली, नाव मात्र वाचता येणार नाही अशी.

पुण्यात आल्यावर मी ते पीठ जुन्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत दिले. सील शाबूत असल्याची नोंद त्यांनी केली. पिठात बुरशी होती, आणि बुरशीने तयार केलेले असे विष होते की जे तव्यावर भाजूनही नष्ट होत नाही. मळमळ, चक्कर आणि हातांचा कंप ही त्याची लक्षणे. ताराबाईंचे लाडू आम्ही स्वखर्चाने तपासून घेतले. ते स्वच्छ होते.

मग आम्ही तिघे, मी, ताराबाई आणि गुजर साहेब, अनंतरावांच्या कार्यालयात गेलो. अनंतराव साठीचे, अत्यंत मृदुभाषी गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि दोन्ही अहवाल लक्षपूर्वक वाचले.

"म्हणजे ताराबाईंवर अन्याय झाला," ते म्हणाले. "त्याबद्दल मी लेखी दिलगिरी व्यक्त करतो. पण मॅडम, भगर आम्ही पिकवत नाही. मार्केट यार्डातून घेतो. व्यापाऱ्याने खराब माल दिला. परताव्याचं तुम्ही त्याच्याशी बोला."

"बोलले," मी म्हणाले. "तुमच्यासाठी आलेल्या त्याच पोत्यातली भगर त्याच्याकडे शिल्लक होती. तीही तपासली. निर्दोष आहे."

ते थोडे दुखावल्यासारखे दिसले. "मग तुमच्या तपासणीत काहीतरी गडबड आहे. आमच्याकडे तर खराब होण्याचा प्रश्नच नाही. आमच्याइतकी स्वच्छता कोणी पाळत नाही, मॅडम. लोक भगर नुसती निवडतात. आम्ही तीन पाण्यांनी धुतो. उपवासाचा पदार्थ आहे, त्यात धूळ, माती, कशाचा कणही नको."

"धुऊन मग शिजवता?"

"पूर्वी शिजवायचो. मागच्या वर्षी काझात फार तक्रारी झाल्या. भगर शिजतच नव्हती, कितीही उकळा, दातांखाली कचकचायची. मग मीच तोड काढली, की इथूनच दळून न्यायची. पिठाचं घावन पटकन होतं."

"धुतल्यावर वाळवता कुठे?"

"गोदामात. पंख्याखाली, चादरींवर."

"ऊन?"

"जून संपताना ऊन कुठलं? पंधरा दिवस आभाळ नुसतं गच्च होतं."

"हाताला कोरडी लागली, की दळायला पाठवली?"

"हो. निघायची घाई होती. आणि गिरणीवरून आलं की लगेच, गरम आहे तोवर, प्लास्टिकच्या पिशव्यांत सीलबंद, म्हणजे वास..." 

अनंतराव थांबले. त्यांनी समोरच्या अहवालाकडे पाहिले. कपातला चहा त्यांनी घेतला नाही. ताराबाई काही बोलणार होत्या; गुजर साहेबांनी त्यांच्या कोपरावर हात ठेवला.

"परतावा सगळ्यांना द्यायचा," मी म्हणाले. "आजारी होते त्यांना आणि नव्हते त्यांनाही. सहल सगळ्यांचीच बुडाली. अटींमधलं बाहेरच्या पदार्थांचं कलम इथे लागू नाही. पदार्थ तुमचा होता."

"सवलत..." ते पुटपुटले.

"सवलत नको. पैसे."

पैसे त्या महिन्यात सर्वांना परत मिळाले. ताराबाईंना कंपनीच्या शिक्क्यानिशी पत्र मिळाले, की लाडवांचा आजाराशी काही संबंध नव्हता. ते पत्र दाखवून त्यांनी पुण्यातल्या तीन दुकानांत आपला माल ठेवला. पुढे ताराबाईंचा गट बारा बायांचा राहिला नाही, वाढला. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. अजूनही कोणी मला त्या एकादशीबद्दल विचारते, तेव्हा विरळ हवेचे नाव घेते. विरळ हवेचा यात संबंध होता, पण मंदारला वाटला तसा नव्हता.

समुद्रसपाटीपासून साडेतीन किलोमीटरहून अधिक उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळते. त्या तापमानाला आख्खी भगर नीट शिजत नाही. म्हणून ती आधीच दळली गेली. दळण्यापूर्वी स्वच्छतेसाठी धुतली गेली. धुतल्यावर पावसाळी हवेत पुरती वाळली नाही, आतून ओलसर राहिली. ते ओलसर, गरम पीठ प्लास्टिकमध्ये बंद केले गेले, आणि पुण्याहून काझाला पोहोचेपर्यंत त्यात बुरशी वाढली.